लेबलं राहिली, झाडं गेली

१. मान्य

सुनंदाबाई झांबरे आल्या होत्या स्वतःच्या कामाला. गुन्हा शोधायचा त्यांचा त्या दिवशी काही बेत नव्हता.

जळगावच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाची प्रवेश समिती बसली होती. पंखा गरम हवा फिरवून फिरवून सगळ्यांना सारखी वाटत होता. सुनंदाबाई दाराशी स्टुलावर बसून आपल्या पाळीची वाट बघत होत्या. यावलच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण जिल्हा त्यांना ओळखायचा तो भरारी पथकामुळे. बोर्डाच्या परीक्षेत त्यांची जीप गावात शिरली की केंद्राच्या मागच्या भिंतीवरून माणसं पिकल्या जांभळांसारखी खाली पडायची. आता त्या इथे विशेष विद्यार्थिनी होत्या. शेवटच्या बाकावर बसायच्या, आणि अख्खं कॉलेज त्यांना अक्का म्हणायचं. तीच परवानगी आणखी वर्षभर वाढवून हवी होती.

टेबलासमोर एक मुलगी उभी होती. मयुरी, शिंदखेड्याची. तिथल्या कॉलेजात दोन वर्षं करून तिसऱ्या वर्षाला इथे बदली मागत होती. टेबलावर तिचं हर्बेरियम होतं. झाडं उपटून, दाबून, वाळवून जाड कागदाच्या शीटवर टाचायची आणि खाली उजव्या कोपऱ्यात नावगावाचं लेबल चिकटवायचं, असा दोन वर्षांच्या मेहनतीचा दोरीने बांधलेला गठ्ठा.

"प्रात्यक्षिकाचा पुरावा बघितला का?" प्राचार्य बन्सीलाल नारखेड्यांनी विचारलं.

"मीच बघतो," म्हणत विभागप्रमुख हेमराज सरोदे उठले. त्यांनी दोरी सोडली, वरचा पुठ्ठा अर्धा सरकवला, शीटांचा खालचा उजवा कोपरा अंगठ्याने उचलला आणि पत्त्यांचा कॅट सोडावा तसा फर्रर्र सोडला. लेबल, लेबल, लेबल, लेबल. "पन्नास आहेत. मान्य."

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं. मयुरीने श्वास सोडला, तो अक्कांपर्यंत ऐकू आला.

आणि अक्कांना राहवलं नाही. "सर, शिंदखेड्याकडची झाडं मी कधी बघितली नाहीत. एक बघू का?"

"अक्का, राहू द्या, उशीर होतोय..." हेमराज सर म्हणेपर्यंत त्या टेबलाशी पोचल्याही होत्या. त्यांनी वरची शीट दोन्ही हातांनी उचलली, आणि

२. शीट कोरी होती

कोपऱ्यात लेबल होतं. 'एकदांडी. शेताचा बांध, शिंदखेडा.' वर झाड नव्हतं.

दुसऱ्या शीटवर लेबल, तरवड. झाड नाही. तिसरी, निर्गुडी. नाही. अक्का भराभरा उचलत गेल्या. रुई, माका, अघाडा, टाकळा. नावं सगळी हजर, झाडं सगळी गैरहजर.

दारात नवीन नावाचा मुलगा उभा होता, असोद्याचा. त्याचीही आज पाळी होती. तो मान लांब करून बघत होता. कोपऱ्यात प्रयोगशाळेचा सहायक भूषण हातातलं फडकं पिळत उभा होता, कोरडंच.

हेमराज सर सगळ्यांच्या आधी सावरले. "म्हणजे या मुलीने आपल्याला नुसती लेबलं आणून दिली?"

"सर, झाडं होती," मयुरी म्हणाली. "सुईने शिवलेली. मी परवा भूषणभाऊंच्या हातात दिली."

प्राचार्यांनी टोपण परत लावलं. वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा होता. "यादी आज कॉलेज बंद व्हायच्या आत विद्यापीठाला जाते. तोवर झाडं दाखव, पोरी. नाहीतर मला जागा नवीनला द्यावी लागेल."

नियम इतका सोपा होता की त्यातून पळायला फट नव्हती. तिसऱ्या वर्षाला जागा एकच. पहिला हक्क बदलीच्या विद्यार्थ्याचा, पण मागच्या कॉलेजातलं प्रात्यक्षिक त्याने स्वतः केल्याचा पुरावा हवा. तो नसला तर जागा प्रगत विद्यार्थ्याची. घरी शिकून, कसोटी परीक्षा देऊन थेट वरच्या वर्गात उडी मारणाऱ्याची. नवीनने ती कसोटी दिली होती आणि पहिला आला होता. राहिला विशेष विद्यार्थी. त्याला ना गुण, ना पदवी, ना कुठल्या जागेवर दावा. वर्गात बसावं, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संग्रह वापरावा, घरी जावं.

"सर," त्या बिनदाव्याच्या विद्यार्थिनीने विचारलं, "तोवर हा गठ्ठा माझ्याजवळ ठेवू?"

३. मयुरी, कॉलेजच्या मागच्या कडुनिंबाखाली

मयुरी रडत नव्हती. अक्कांना त्याचीच धास्ती वाटली. परीक्षेच्या हॉलमध्ये रडणारी पोरं सावरतात, गप्प बसलेली पेपर कोरा देऊन उठतात.

"काहून गं, घरी फोन केला का?"

"नही." मग भानावर येऊन, "नाही अक्का. काय सांगू? आबांनी तीन वर्षं कबूल केली होती. दोन झाली. तिथे तिसऱ्या वर्षाला मी एकटीच उरले, एकीसाठी वर्ग चालवत नाहीत म्हणाले, म्हणून इथे आले. आता इथले म्हणतील पहिल्यापासून कर. आबा म्हणतील, पोरी, बठ्ठं समजनं, आते घर ये. सगळं कळलं, आता घरी ये."

"रागावतील?"

"रागावले असते तर भांडले असते मी. ते नुसते बस स्टँडवर घ्यायला येतील."

अक्कांनी एक शीट मांडीवर घेतली. "मला सांग, तू झाड लावायचीस कसं? सगळं सांग. खालपासून."

मयुरीने सांगितलं. दाबायला घरचा पाटा, त्यावर भावाचे डंबेल्स. मग हिरव्या दोऱ्याने देठ कागदाला शिवायचा. लेबल मैद्याच्या खळीने डकवायचं, कारण डिंकाची बाटली घरात टिकायची नाही, भाचे पळवायचे. "आणि प्रत्येक झाडाचं एक पान उलटं लावायचं. पाठ वर. आमच्या सरांचा हट्ट होता. म्हणायचे, नुसतं तोंड बघून काय ओळखणार?"

"इथे कोणी लावत नाही तसं."

"मला माहीत आहे. मी वर्गातली बघितली. सगळी पानं फोटो काढायला बसल्यासारखी."

अक्का हसल्या आणि शीट उचलून उन्हात धरली. मग दुसरी. मग चष्मा कपाळावर सरकवून तिसरी, अगदी नाकाशी.

"तुझी सुई जाड होती की बारीक?"

"गोधडीची. जाड."

"मग भोकं कुठे आहेत?"

मयुरीने शीटवरून बोट फिरवलं.

"आणि वर्षभर झाड एका कागदावर पडून असलं की त्याची तपकिरी सावली उमटते. इथे ती पण नाही. कागद पांढराफटक. लेबलं मात्र बघ, कशी लाटा आल्यासारखी झालीत. ओली करून काढली आणि पुन्हा चिकटवली." अक्कांनी शीट मांडीवर आपटली. "माय, या शीटवर झाड कधी नव्हतंच. चोराने तुझी झाडं नाही काढली. तुझी लेबलं काढली. झाडं तुझ्या शीटांवर तशीच आहेत, शिवलेली. कुठेतरी."

"पण नुसती लेबलं परत कशाला ठेवली? गठ्ठाच का नाही नेला?"

तेच अक्कांनाही कळत नव्हतं. पण एका माणसाला विचारायला हवं होतं. ज्याला हा गठ्ठा नको होता त्याला.

४. नवीनची उत्तरं

(प्रश्न अक्कांचे होते. ते कुणालाही कळतील.)

"हो, जागा मला मिळेल. मग?"

"नाही, आनंद झाला नाही. असं कसं म्हणता? झाला. थोडा झाला. मग तिचं तोंड बघितलं आणि गेला."

"असोद्यात. केळीच्या बागेत. दिवसा घड, पाणी, फवारा, मग पुस्तकं. बारावीनंतर कॉलेजात जाता आलं नाही, भाऊ, म्हणजे वडील, एकटे पडले असते."

"काल? कालचं काय?"

"कोणी सांगितलं?"

"भूषणभाऊंच्या पोटात काही राहत नाही बघा."

"बरं. आलो होतो. दुपारी. भूषणभाऊ बाहेर निघाले होते, फाटकात भेटले. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं आणि तिचा गठ्ठा टेबलावर होता. उघडला."

"झाडं होती. सगळी. शपथ घेऊ?"

"कशासाठी म्हणजे? ज्याच्याशी कुस्ती आहे त्याचे दंड बघायला नकोत? बघितलं. एकही पान चुरगळलेलं नाही. हिरवा रंग टिकवलाय, अक्का, वाळवूनसुद्धा. ते सोपं नाही. मी पुन्हा बांधलं आणि घरी गेलो. जेवण गेलं नाही."

"मला घालवायचंच असतं तर? तर मी अख्खा गठ्ठा उचलून गिरणा नदीत टाकला असता. लेबलं सोडवत बसायला मी काय वेडा आहे?"

"तुम्ही का हसताय?"

"अक्का, मी काय बोललो?"

५. भूषण

भूषण प्रयोगशाळेत बाटल्या पुसत होता. अक्का दिसताच त्याने स्वतःच सुरुवात केली.

"माझ्यावरच येणार ना? गठ्ठा माझ्या हातात दिला. कोऱ्या शीटा आपल्या स्टोअरच्या, मी बघताक्षणी ओळखल्या. स्टोअरची चावी माझ्याजवळ. घाला हातकड्या."

"दुसरी चावी कोणाकडे?"

"सरांकडे. प्रमुखांकडे असतेच."

"काल दुपारनंतर तू कुठे होतास?"

"धुळ्याला. सरांनी पाठवलं, काचेच्या स्लाइडी आणायला. जळगावात मिळत नाहीत म्हणे." भूषणने फडकं झटकलं. "जळगावात तीन दुकानं आहेत, अक्का. पण साहेब म्हणतील तर धुळं."

"भूषणभाऊ, गेल्या साली माझ्या वेळेला बदलीचे गठ्ठे तू तपासले होतेस."

"दर साली मीच तपासतो. सर खुर्चीवरून म्हणतात, भूषण, बघ रे. मी कोपरा उचलतो, लेबलं मोजतो, आहेत म्हणतो. सर मान्य म्हणतात. एवढ्या वर्षांत कोणी शीट उघडून बघितली नाही. उघडली ती तुम्ही, आज."

"मग आज सर का उठले?"

"मला काय माहीत? माझं काम वाचलं म्हणून मी गप्प." तो बाटली पुसायची थांबला. "आजकाल बरंच काम वाचवतात माझं. सोमवारी विद्यापीठाची तपासणी आहे ना, एम.एस्सी.चा वर्ग मिळायचा की नाही ते ठरवायला. सातपुड्याच्या झाडांचं जुनं कपाट दाखवणार आहेत. त्याच्यात डांबराच्या गोळ्या दर साली मी टाकायचो, गेली दोन सालं चावीच मिळाली नाही. यंदा म्हणाले, हात लावू नको, मीच टाकल्या."

खिडकीतून कॉलेजचं आवार दिसत होतं. ऑफिसच्या दिशेने हेमराज सर यादीची फाइल घेऊन चालले होते, झपाझप.

६. चोराला काय नको होतं

अक्कांची भरारी पथकातली एक पद्धत होती. कॉपी सापडली की बाकीचे विचारायचे, पोराला काय हवं होतं? अक्का विचारायच्या, त्याला काय नको होतं?

जिना चढता चढता त्या हेच करत होत्या. गुडघे कुरकुरत होते, डोकं धावत होतं.

चोराला मयुरी अडकायला नको होती.

पुन्हा. हळू. एक पायरी.

अडकवायची असती, तर गठ्ठा गायब झाला असता. नवीन बोलला तसा, नदीत.

चोराने काय केलं? नव्या शीटा घेतल्या. लेबलं ओली करून सोडवली, एकेक, फाटू न देता. नेमक्या त्याच कोपऱ्यात चिकटवली. एवढी मेहनत कशाला?

कारण कोपराच बघितला जातो.

कारण कोपरा बघून "मान्य" म्हटलं जातं, आणि गठ्ठा बांधून मुलीच्या हातात जातो, आणि मुलीला प्रवेश मिळतो, आणि ती आनंदात गठ्ठा घरी नेते, माळ्यावर टाकते. पुढे कधी उघडला तर म्हणेल, कुठे गहाळ झाली, कधी गहाळ झाली. तोवर उशीर झालेला.

म्हणजे चोराला जागेशी घेणं नव्हतं. नवीन सुटला.

चोराला झाडं हवी होती. ताजी, हिरवी, चांगली लावलेली, नाव नसलेली.

आणि कोपराच बघितला जाईल याची खात्री ज्याला होती... भूषण? पण भूषणला काम नेहमीचंच होतं. त्याने नेहमीसारखा कोपरा उचलला असता, कोणाला काही वाटलं नसतं. स्टोअरच्या शीटा बघताक्षणी ओळखणाऱ्या त्याच्या हातात आज गठ्ठा जाऊ द्यायला कोण घाबरलं? दर साली खुर्चीत बसणारा कोण उठला?

शेवटची पायरी. अक्का धापा टाकत प्राचार्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, यादी पाठवू नका. मला एक कपाट उघडायचंय."

७. कपाट

"कशाचं कपाट?" हेमराज सर हसले. फाइल अजून त्यांच्या काखेत होती. "अक्का, तो विभागाचा संग्रह आहे. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गुरूंनी सातपुड्यातून जमवलेला. तपासणीपर्यंत तो उघडता येणार नाही. आणि तुम्ही साध्या विशेष विद्यार्थिनी."

"तेच म्हणते मी. विशेष विद्यार्थ्याला पदवी नाही, गुण नाहीत. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि संग्रह वापरायचा हक्क मात्र आहे. एवढंच तर मिळतं आम्हाला, सर. तेही आज हवंय."

प्राचार्यांनी एकदा अक्कांकडे बघितलं, एकदा हेमराज सरांकडे. नियमाचा माणूस नियमापुढे काय करणार? "हेमराज, चावी दे."

मयुरी आली. नवीन आला, कोणी बोलावलं नसताना. भूषण फडक्यासकट आला. कपाट उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्यांच्या नाकात चढला. आत शीटांची नीट रास. नवी लेबलं, छापील. 'सातपुडा, यावल. विभागीय संग्रह.'

अक्कांनी वरची शीट काढून खिडकीपाशी धरली.

"चाळीस वर्षांपूर्वीचं झाड आहे म्हणता, सर?"

"हो."

"अजून हिरवं कसं?"

हेमराज सर म्हणाले, "गोळ्यांमुळे."

भूषण खोकला. गोळ्यांनी रंग टिकत नाही, एवढं त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त हेमराज सरांना.

अक्कांनी दुसरी शीट काढली, तिसरी, चौथी, आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडली. देठांवर हिरवा दोरा, गोधडीच्या सुईचे टाके. आणि प्रत्येक झाडाचं एक पान, फक्त एक, उलटं. पाठ वर.

"माझी," मयुरी म्हणाली. "माझी झाडं शेत ही... माझी आहेत ही."

हेमराज सर खुर्चीत बसले. ते कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बघत होते. भूषणने वाकून तो कप्पा ओढला. आत सिमेंटची जुनी गोणी होती, आणि गोणीत भुसा. चाळीस वर्षांच्या सातपुड्याचं किड्यांनी खाऊन पीठ केलं होतं.

"दोन पावसाळे मी कपाट उघडलंच नाही," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात उघडलं तर हे. तपासणी तोंडावर. वर्ग गेला असता. मग हिचा गठ्ठा बघितला. इतकं सुंदर काम... मुलीचं काही बिघडणार नव्हतं, बन्सीलाल. तिला प्रवेश मिळाला असता. तपासणी झाली की मी झाडं परत केली असती."

"हो का?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. परीक्षेतली पोरं याच आवाजाला घाबरायची. "सकाळी कोरी शीट निघाली तेव्हा तिचं सगळं बिघडलं होतं, सर. तेव्हा पहिलं कोण बोललं? 'नुसती लेबलं आणून दिली' कोण म्हणालं?"

सरांनी काखेतली फाइल टेबलावर ठेवली.

मयुरी पुढे झाली, शीटा गोळा करायला. पण प्राचार्यांनी हात वर केला. "थांब, पोरी. अजून झालं नाही."

८. झालं कसं नाही?

"नियम म्हणतो, संग्रह विद्यार्थ्याने स्वतः केलेला हवा," प्राचार्य कपाळ पुसत म्हणाले. "ही झाडं शिंदखेड्याच्या पद्धतीची आहेत, मला दिसतंय. पण शिंदखेड्यात अशी झाडं आणखी कोणी लावत असेल. लेबलं सुटली, पुरावा सुटला. उद्या कोणी तक्रार केली तर मी काय दाखवू? लेबलं एकीकडे, झाडं एकीकडे."

"मग जोडू द्या तिला," अक्का म्हणाल्या. "इथे. तुमच्यासमोर. छापील लेबलं खोटी, ती झाका. तिची लेबलं मिसळून द्या. जिने झाड उपटलं, दाबलं, शिवलं, तिला ते ओळखू येईल. जिने विकत घेतलं तिला नाही येणार."

"आणि बरोबर की चूक ते ठरवणार कोण? हेमराजला तर आता..."

सगळ्यांच्या माना वळल्या. कसोटीला पहिला आलेला एकच जण त्या खोलीत होता.

"मी?" नवीन म्हणाला. "अक्का, ती चुकली तर जागा माझी. मला कशाला पंच करताय?"

"म्हणूनच."

कोऱ्या शीटांवरून लेबलं कात्रीने कापली. भूषणने ती एका ट्रेमध्ये कालवली, भेळ कालवतात तशी. शीटा टेबलांवर, बाकांवर, खिडकीच्या कट्ट्यावर पसरल्या. आणि मयुरी चालू लागली.

आधी हळू. एकदांडी. तरवड. मग वेग आला. टाकळा, रुई, माका. लेबल उचलायची, बघायची, जाऊन ठेवायची. नवीन मागून, मान हलवत. बरोबर. बरोबर. अघाडा, "हे आमच्या विहिरीजवळचं, काटे टोचले होते." बरोबर. निर्गुडी, "आजीला हवी होती शेकायला, मी लपवून ठेवली." बरोबर. आता ती बोलायचीही थांबली होती, नुसती फिरत होती, जणू शेतातच फिरतेय, आणि दाराशी प्रवेशाला आलेली दुसरी पोरं गोळा झाली होती. कोणीतरी मोबाइल वर धरला. अक्कांनी नुसतं बघितलं. मोबाइल खाली गेला.

शेवटी दोन लेबलं उरली, दोन शीटा. काळा कुडा आणि तांबडा कुडा. दोन्हीची पानं वरून सारखी, वाळल्यावर तर जुळी भावंडं.

मयुरीने डावीकडे तांबडा ठेवला, उजवीकडे काळा.

नवीनची मान हलली नाही.

"उलट," तो म्हणाला.

दाराशी माना पुढे झाल्या.

"नाही," मयुरी म्हणाली.

"डावीकडचं पान काळपट पडलंय. काळा कुडा वाळला की काळवंडतो. पुस्तकात आहे."

"ते पाट्याखाली जास्त दिवस राहिलं म्हणून. लळिंगच्या डोंगरावरचं आहे ते. तांबडाच आहे."

"पुस्तकात..."

"पुस्तक लळिंगला आलं होतं का?"

दाराशी कोणीतरी फिस्कन हसलं. प्राचार्य पेन धरून नवीनकडे बघत होते. तो 'चूक' म्हणाला की संपलं. त्याला ते माहीत होतं.

त्याने डावीकडच्या शीटवरचं उलटं लावलेलं पान बघितलं. मग वाकून त्या पाठीवरून बोटाचं टोक फिरवलं. मग उजवीकडच्या. मग पुन्हा डावीकडच्या, डोळे मिटून.

काळ्या कुड्याच्या पानाची पाठ गुळगुळीत असते. तांबड्याची लवदार. हेही पुस्तकात होतं, पुढच्याच ओळीत. ती ओळ वाचायची नाही, असं तो ठरवू शकला असता.

"मखमल आहे," तो म्हणाला. "तांबडा. ती बरोबर आहे, मी चुकलो."

९. यादी

यादी गेली. तिसरं वर्ष, एक जागा, मयुरी. हेमराज सरांनी सही करायची होती. प्राचार्यांनी फाइल स्वतःकडे ओढली आणि स्वतः केली. सोमवारी तपासणीला काय सांगायचं ते मी सांगेन, खरं सांगेन, एवढंच ते हेमराज सरांना म्हणाले. सर मयुरीसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तिचा गठ्ठा स्वतःच्या हाताने बांधून दिला. तिने तो सोडून पुन्हा एकदा प्रत्येक शीट बघितली. सर बघत उभे राहिले, तक्रार न करता.

व्हरांड्यात नवीन भिंतीला टेकून होता.

"अक्का, विशेष विद्यार्थी व्हायला काय लागतं?"

"म्हातारपण."

"खरं सांगा."

"एक अर्ज. बारावी झालेली. आणि मागच्या बाकावर माझी बडबड ऐकायची तयारी. गुण नाहीत, पदवी नाही. पण पुढल्या साली जागा निघाली की तू पुन्हा कसोटी देशील, तेव्हा प्रयोगशाळेत वर्ष काढलेलं असेल. नुसत्या पुस्तकाने तू कुड्यात पडतोस, बघितलंस ना?"

"लागलं ते, अक्का."

"लागू दे. भाऊंना विचार, सकाळी बागेतून सुटका होते का."

त्यांचा स्वतःचा अर्ज तेवढा तसाच राहिला होता. प्राचार्यांनी खिडकीतूनच हाक मारून सांगितलं, अक्का, तुमचं मान्य आहे, आता घरी जा.

कडुनिंबाखाली मयुरीने फोन लावला. अक्का शेजारी बसल्या होत्या, चपला काढून. फोनवरचा आवाज इतका मोठा होता की कान लावायची गरज नव्हती, तो येतच होता.

"आबा, व्हयनं."

"काय व्हयनं?"

"अॅडमिशन. तिसऱ्या वरिसले. नही, पहिल्यापासून नही. एकच वरीस शे."

पलीकडे नुसता बस स्टँडचा गोंगाट. आबा, म्हणजे मोतीलाल पाटील, तिकडे स्टँडवर आले होते, फोन न करताच, संध्याकाळच्या गाडीने मुलगी परत येईल या हिशोबाने. मागे कंडक्टर गावांची नावं ओरडत होता.

"आबा? आयकी राहिनात ना?"

"हां. एकच वरीस शे म्हणस. आन मंग? मंग पुढे काय शिकशी?"

मयुरीने फोन कानापासून थोडा दूर धरला आणि अक्कांकडे बघितलं. अक्कांनी तिचा गठ्ठा उचलून तिच्या मांडीवर ठेवला.